दिवसाला १०७ बरीटो

दिवसाला १०७ बरीटो (भात, बीन्स, मांस भरून गुंडाळलेली मैद्याची पोळी) खपले तर दुकान तगेल, असा हिशोब स्टीव्ह एल्सने वडिलांबरोबर बसून मांडला होता. १३ जुलै १९९३ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये, विद्यापीठाजवळच्या ईव्हान्स अव्हेन्यूवर ते दुकान उघडलं. नाव ‘चिपोटले’. जागा आधी एका आइस्क्रीमवाल्याची, साधारण ८५० चौरस फूट. भांडवल वडिलांकडून कर्जाऊ घेतलेले ८५ हजार डॉलर. महिन्याभरात रोजचा खप हजाराच्या वर गेला.

या दुकानातून वाढलेल्या चिपोटले साखळीबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात हा आकडा येतोच, आणि वाचणारा ‘वा’ म्हणून पुढे जातो. पण जरा काउंटरच्या मागे उभं राहून बघा. हजार बरीटो म्हणजे हजार वेळा पोळी गरम करणं, भरणं, दुमडणं, फॉइलमध्ये गुंडाळणं. त्यामागे त्याच दिवशी चिरलेला कांदा, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर आणि हाताने कुस्करलेला अव्हाकाडो. हे सगळं दुकानातच, सुरी घेऊन करायचं असं एल्सने ठरवलं होतं. धंदा वाढला तो त्यामुळेच. बावीस वर्षांनी तो आपटला, तेव्हाही बोट सगळ्यात आधी याच कापाकापीकडे गेलं.

एल्स वाढला कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये. कॉलेजात कलेचा इतिहास शिकला, मग न्यूयॉर्क राज्यातल्या कलिनरी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकामधून १९९० साली शेफ होऊन बाहेर पडला. पुढची दोन वर्षं सॅन फ्रान्सिस्कोत जेरेमाया टॉवरच्या ‘स्टार्स’ या नावाजलेल्या रेस्तराँमध्ये काम केलं. त्या शहराच्या मिशन भागात मेक्सिकन टाकेरिया, म्हणजे टाको-बरीटोची साधी दुकानं, आहेत. फॉइलमध्ये गुंडाळलेला, पोटभरीचा, दोन्ही हातांनी धरावा लागणारा बरीटो ही तिथली खासियत. ती रांग, तो वेग आणि गल्ल्यात पडणारे पैसे त्याने पाहिले. त्याला काढायचं होतं स्वतःचं उंची रेस्तराँ. बरीटोचं दुकान हा त्यासाठी पैसे उभे करायचा मार्ग होता. ते उंची रेस्तराँ राहिलं ते राहिलंच.

मात्र उंची स्वयंपाकघरातल्या सवयी त्याने या छोट्या दुकानात आणल्या. कोंबडीचं मांस छातीऐवजी मांडीचं, कारण ते तव्यावर कोरडं पडत नाही. ते चिपोटले मिरचीच्या वाटणात मुरवायचं आणि मग भाजायचं. (चिपोटले म्हणजे पिकून लाल झालेली हालापेन्यो मिरची धुरावर वाळवलेली. आपल्या लवंगीसारखी ती झणझणीत नसते, धुराचा वास हा तिचा खरा गुण.) गोठवलेला माल नाही, मायक्रोवेव्ह नाही, डबे फोडायचं कटरसुद्धा नाही, हे पुढे कंपनी जाहिरातीत अभिमानाने सांगू लागली.

त्यांचा भात बघा. लांब दाण्याचा तांदूळ तमालपत्र घालून शिजवायचा, आणि लिंबाचा रस, कोथिंबीर, मीठ हे सगळं भात तयार झाल्यावर. लिंबू आधीच पाण्यात पडलं तर त्याचा वास वाफेबरोबर उडून जातो आणि नुसता आंबटपणा उरतो. थोडं तेल लागतंच, कारण हा भात गरम पात्रात बराच वेळ उघडा राहतो. तेल नसेल तर गोळा होतो आणि पळीने वाढताना दाणे मोडतात. चित्रान्न करणाऱ्या घरात यातलं काहीच कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

ग्वाकामोले घरी करायचं तर कंपनीने स्वतःच माप जाहीर केलेलं आहे: दोन पिकलेले अव्हाकाडो, २ छोटे चमचे लिंबाचा रस, २ मोठे चमचे चिरलेली कोथिंबीर, पाव कप बारीक चिरलेला लाल कांदा, बियांसकट अर्धी हालापेन्यो आणि पाव छोटा चमचा जाडं मीठ. आपलं बारीक मीठ वापरलंत तर थोडं कमी घाला. फोडींना आधी लिंबाचा रस चोळायचा, मग कुस्करायचं. कापलेला अव्हाकाडो हवा लागली की काळपट पडतो आणि आम्लाने ते लांबतं. मिक्सर लावला की चटणी होते आणि गेलं सगळं. फोडी थोड्या दाताखाली यायला हव्यात. सगळ्यात जास्त वेळा चूक होते ती फळ निवडताना. देठाजवळ दाबल्यावर किंचित दबणारं फळच घ्या. कडक फळ कितीही कुस्करलं तरी साबणासारखं लागतं.

आता काउंटर. सगळा धंदा या रांगेच्या वेगावर उभा आहे. क्रम ठरलेला असतो: पोळी, भात, बीन्स, मांस, साल्सा (मेक्सिकन चटणी), सावर क्रीम, चीज, ग्वाकामोले, घडी, फॉइल, गल्ला. मैद्याची पोळी आधी गरम दाबाखाली वाफेने मऊ करतात. ती थंड राहिली तर घडी घालताना काठावर तडकते. भात खाली असतो तो रस शोषायला. ओला साल्सा थेट पोळीवर पडला की तळ भिजतो आणि अर्ध्या वाटेत सगळं मांडीवर येतं.

एल्स आणि त्याच्या माणसांनी वेगासाठी चार नियम बसवले होते, आणि ते कुठल्याही गर्दीच्या उपाहारगृहात उपयोगी पडावेत असे आहेत. पहिला, ‘एक्स्पिडायटर’: साल्सावाला आणि गल्ला यांच्या मध्ये एक माणूस. तो पेय हवं का, चिप्स हव्यात का, इथे खाणार की नेणार हे विचारून घेतो आणि गल्ल्यावरच्याकडे फक्त पैसे घ्यायचं काम ठेवतो. दुसरा, ‘लाइनबॅकर’: मागे फिरणारा माणूस. कुठलं पात्र संपत आलंय ते बघून तो भरून आणतो. वाढणाऱ्यांनी गिऱ्हाइकाकडे पाठ करायची नाही. एक जण भात आणायला वळला की त्याच्यामागची सगळी रांग थांबते. तिसरा, ‘मीझ ऑं प्लास’ म्हणजे सगळं जागच्या जागी: गर्दी सुरू व्हायच्या आत चिराचिरी संपलेली, पात्रं भरलेली, चमचे ठेवलेले. चौथा, दुपारच्या गर्दीत सगळ्यात तरबेज माणूस सगळ्यात अवघड जागी, मग वेळापत्रकात काहीही लिहिलेलं असो. चारातला लाइनबॅकर सगळ्यात आधी कापला जातो, कारण शांत वेळी तो रिकामा दिसतो. तो गेला की त्याची किंमत कळते.

आणि ‘हेल्दी’? या शब्दावर चिपोटले बराच काळ जगलं, म्हणून मापं बघितलेली बरी. मांस, भात, बीन्स यांची एक पळी प्रत्येकी ४ औंसांची, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम. कंपनीच्या तक्त्याप्रमाणे पोळीचे ३२० कॅलरी, कोंबडीचे १८०, पांढऱ्या भाताचे २१०, काळ्या बीन्सचे १३०, चीजचे ११०, सावर क्रीमचे ११०, टोमॅटो साल्साचे २५. झाले १,०८५. वर ग्वाकामोले घेतलं की आणखी २३०. सोडियमचा हिशोब याहून वाईट: नुसत्या पोळीत ६०० मिलिग्रॅम, निष्पाप दिसणाऱ्या साल्सात ५५०. एका बरीटोत दिवसभराची २,३०० ची मर्यादा जवळजवळ संपते. पोळी, भात, चीज, क्रीम वगळून बोलमध्ये, म्हणजे वाडग्यात, कोंबडी, बीन्स, परतलेल्या भाज्या, साल्सा, लेट्युस आणि ग्वाकामोले घेतलंत तर सगळं मिळून सहाशेच्या आत बसतं. तीच रांग, तेच पदार्थ. कुठे बोट दाखवायचं एवढाच फरक. एल्सने स्वतः मुख्य जोर कॅलरीवर दिलाच नव्हता. त्याचं म्हणणं होतं की अन्न कुठून येतं ते बघा.

ते म्हणणं सुरू झालं डुकराच्या मांसापासून. कार्निटास हा पदार्थ खपत नव्हता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एल्स आयोवा राज्यातल्या थॉर्नटन गावी पॉल विलिस नावाच्या शेतकऱ्याकडे गेला. विलिस नायमन रँच या गटासाठी मोकळ्यावर, गवत-पेंढ्यात डुकरं वाढवत असे. बंदिस्त शेडमधला प्रकारही एल्सने पाहिला होता. त्याने पुरवठा बदलला. माल महाग पडला म्हणून कार्निटास बरीटोची किंमत साडेचार डॉलरवरून साडेपाच केली. एका फटक्यात एक डॉलर, तेही फास्ट-फूडमध्ये. खप कमी व्हायच्या ऐवजी वाढला. २००१ पासून कंपनीने हे धोरण ‘फूड विथ इंटेग्रिटी’ या नावाने मिरवायला सुरुवात केली. पुढे कोंबडी, गोमांस, दूध यांनाही ते लागू होत गेलं.

यातला विनोद असा की या काळात कंपनीत पैसा होता मॅकडॉनल्ड्सचा. वडिलांनी पुढे आणखी पैसे घातले, सरकारी हमीचं कर्जही घेतलं, पण राज्याबाहेर पसरायला ते पुरेना. १९९८ मध्ये मॅकडॉनल्ड्स आलं तेव्हा दुकानं पंधराच्या आसपास होती, २००६ मध्ये ते बाहेर पडलं तेव्हा पाचशेच्या वर. त्यांनी सुमारे ३६ कोटी डॉलर घातले आणि दीड अब्ज नेले. चिपोटलेला मिळालं ते भांडवल आणि माल पोचवायची यंत्रणा. दुकानदारीतले सल्ले एल्सने मनावर घेतले नाहीत. गाडीत बसून ऑर्डर घ्यायची खिडकी, नाश्त्याचे पदार्थ, फ्रँचायझी: तिन्हींना त्याची नकारघंटा. फ्रँचायझीचा मुद्दा मला पटतो. ज्या दुकानात रोज सुरी चालते तिथे मालक लांब असून चालत नाही. २६ जानेवारी २००६ रोजी शेअर २२ डॉलरला बाजारात आला आणि त्याच दिवशी ४४ वर बंद झाला.

शाकाहारी मराठी मंडळींसाठी एक तपशील इथेच सांगून टाकते. अमेरिकेत राहणाऱ्यांना चिपोटले सोयीचं वाटतं: भात, बीन्स, साल्सा, झालं जेवण. पण २०१३ पर्यंत तिथल्या पिंटो बीन्समध्ये चवीसाठी बेकन असे. काळे बीन्स तेव्हाही शाकाहारीच होते, पण पिंटो दिसायला राजम्याच्या जवळचे, त्यामुळे फसायला सोपे. गवगवा झाल्यावर कृती बदलली आणि आता दोन्ही बीन्स शाकाहारी आहेत. ‘आम्ही काहीच लपवत नाही’ म्हणणाऱ्या कंपनीला हे आधीच सुचायला हवं होतं.

२०१५ उजाडलं ते कुरकुरतच. जानेवारीत एका पुरवठादाराने डुकरांच्या निवाऱ्याचे नियम पाळले नाहीत म्हणून कंपनीने त्याचा माल बंद केला आणि जवळजवळ एक तृतीयांश दुकानांतून कार्निटास गायब झालं. नुकसान सोसून घेतलेला निर्णय, कौतुकही झालं. एप्रिलमध्ये जनुकीय बदल केलेले घटक वापरणार नाही अशी घोषणा झाली. काउंटरवरची शीतपेयं आणि जनावरांना घातला जाणारा मका त्यातून वगळलेला, त्यामुळे टीकाही झाली. ऑगस्टपासून मात्र ओळीने आजारपणं. कॅलिफोर्नियात सिमी व्हॅलीला नोरोव्हायरस. मिनेसोटात साल्मोनेला, टोमॅटोतून. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ई. कोलाय ओ२६: ११ राज्यांत ५५ जण आजारी, त्यातले २१ इस्पितळात, आणि दुसऱ्या एका प्रकाराने ३ राज्यांत आणखी ५. कोणी दगावलं नाही. वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यांतली ४३ दुकानं काही दिवस बंद ठेवली. डिसेंबरात बॉस्टनला पुन्हा नोरोव्हायरस. शंभरावर कॉलेजचे विद्यार्थी आजारी पडले.

हे तीन जंतू तीन वेगळ्या दारांनी येतात, आणि लोक त्यांची गल्लत करतात. नोरोव्हायरस माणसाकडून येतो. आजारी कामगार पगार बुडेल म्हणून कामावर येतो आणि त्याचा हात साल्साला लागतो. सॅनिटायझरने हा विषाणू नीट मरत नाही. साबण-पाण्याने हात धुणं, ओटे क्लोरीनने पुसणं आणि आजाऱ्याला भरपगारी घरी बसवणं हेच उपाय. साल्मोनेला आणि ई. कोलाय मालाबरोबर शेतातून येतात, आणि कच्चं वाढायचं असेल तर शिजवून मारायची संधी मिळत नाही. त्यात बरीटो म्हणजे एका घासात आठ-दहा घटक. कोथिंबीर साल्सातही, भातातही, ग्वाकामोलेतही. आजाऱ्यांनी काय काय खाल्लं ते विचारलं तर यादीत सगळंच येतं. ई. कोलायचा नेमका घटक कोणता, हे सरकारी तपासात शेवटपर्यंत सापडलं नाही.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी सगळी दुकानं दुपारपर्यंत बंद ठेवून कर्मचाऱ्यांची देशभर एकत्र सभा घेतली. तोवर कामाची पद्धत बदलायला लागली होती. टोमॅटो आणि लेट्युस मध्यवर्ती ठिकाणी चिरून, धुऊन, तपासून बंद पिशव्यांत येऊ लागले. कांदा, हालापेन्यो, लिंबं, अव्हाकाडो दुकानातच राहिले, पण चिरण्याआधी उकळत्या पाण्यात ५ सेकंद बुडवून: सालीवरचे जंतू मरतात, आतला गर कच्चाच राहतो. जास्त वेळ ठेवलं तर कांदा मऊ पडतो आणि लिंबाची साल कडवट होते. कोथिंबीर गरम भातात आधीच मिसळायची, म्हणजे वाफेचा चटका बसतो. ही शेवटची युक्ती मला सगळ्यात आवडते. नवं यंत्र नाही, फक्त क्रम बदलला.

पैशांत बोलायचं तर २०१५ चा नफा ४७.५ कोटी डॉलर होता, २०१६ मध्ये तो २.३ कोटींवर आला. डिसेंबर २०१६ मध्ये सहकारी मुख्याधिकारी माँटी मोरन गेला आणि एल्स एकटा उरला. (२०१४ मध्ये या दोघांच्या पगाराविरुद्ध भागधारकांनी ७७ टक्के मतं दिली होती. ते मत नुसतं सल्ल्यापुरतं होतं, पण ७७ टक्के म्हणजे चांगलीच कानउघाडणी.) मार्च २०१८ मध्ये टाको बेल या दुसऱ्या फास्ट-फूड साखळीचा ब्रायन निकल मुख्याधिकारी झाला, मुख्यालय डेन्व्हरहून कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीचला हललं. एल्सने ज्या खिडकीला आयुष्यभर नकार दिला, ती ‘चिपोटलेन’ या नावाने उघडली. तिथे फक्त आधी अ‍ॅपवर मागवलेलं न्यायचं. त्याच वर्षी जुलैत ओहायोतल्या पॉवेलला सहाशेहून जास्त लोक आजारी पडले. हा चौथा जंतू, क्लोस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स. शिजवलेलं अन्न कोमट राहिलं की त्याचे बीजाणू जागे होतात. गरम अन्न ५७ अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड ५ च्या खाली, मध्ये राहू द्यायचं नाही. भल्या मोठ्या पातेल्यातली डाळ रात्रभर ओट्यावर निवत ठेवणाऱ्यांनाही हाच नियम. २०१५ ते २०१८ च्या या प्रकरणांपोटी एप्रिल २०२० मध्ये कंपनीने अडीच कोटी डॉलर फौजदारी दंड भरायचं मान्य केलं. अन्नसुरक्षेच्या खटल्यातला अमेरिकेतला तोवरचा तो सगळ्यात मोठा दंड. एल्स त्याच्या महिनाभर आधी संचालक मंडळावरून उतरला होता.

मधल्या काळात त्याने बरीटोची रांग दुसऱ्या पदार्थांना लावून पाहिली. राजधानी वॉशिंग्टन डी.सी.ला २०११ मध्ये ‘शॉपहाउस’, आग्नेय आशियाई भाताचे बोल. २०१७ मध्ये बंद. ओहायोत ‘टेस्टी मेड’ बर्गर. दीडेक वर्षात बंद. रांग उचलून नेता येते, पण रोज दुपारी तेच खावंसं वाटणं नेता येत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यू साउथवर त्याने ‘कर्नेल’ उघडलं. कर्नेल म्हणजे दाणा. सगळं शाकाहारी, भाज्या आणि धान्यांचा बर्गर. स्वयंपाक मध्यवर्ती स्वयंपाकघरात, दुकानात तीनच माणसं, आणि भट्टीत माल सारायला कुका कंपनीचा यांत्रिक हात. गिऱ्हाईक अ‍ॅपवर मागवतं आणि भिंतीतल्या कप्प्यातून घेऊन जातं. ज्या माणसाने सुरी, तवा आणि गिऱ्हाइकासमोर उभा माणूस यांवर साम्राज्य उभारलं, त्याने तिन्ही काढून टाकले. २०१५ नंतर त्याला असं वाटणं समजू शकतं. पण समोरून ‘थोडा भात कमी घाला’ म्हणता येत नसेल, तर लोक तसा बर्गर मग कुठूनही मागवतात. वर्षभरातच कर्नेलचा गाशा गुंडाळला गेला. त्याच्या जागी एल्सने सँडविचचं दुकान आणलं, आणि तिथे पुन्हा माणसं ठेवली. नाव ‘काउंटर सर्व्हिस’.